वाळ्याचं ठोंब

धम्मपदाच्या तण्हावग्गात वाळा दोनदा येतो. तृष्णेनं ग्रासलेल्याचं दुःख पाऊस पडल्यावर फोफावणाऱ्या बीरण गवतासारखं वाढतं, असं एका गाथेत म्हटलं आहे. दुसऱ्या गाथेत सांगितलं आहे, की उसीर हवं असणारा जसं बीरण खणून काढतो, तशी तृष्णा मुळापासून खणून काढा. बीरण हे वाळ्याचं गवत आणि उसीर हे त्याचं सुवासिक मूळ. सांगणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यांनीही हे गवत जमिनीवर उभं पाहिलं होतं. एका पावसात ते किती वाढतं आणि त्याच्या मुळाशी पोचायला किती घाम गाळावा लागतो, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आज महाराष्ट्रात वाळा न ओळखणारं घर विरळा. पण ओळख आहे ती मुळाची. माठात टाकलेली जुडी, सरबत, उटणं, अगरबत्ती. वर उभं असलेलं गवत दाखवलं तर दहातले नऊ जण ओळखत नाहीत.

सासवडच्या बाजूला माझी नर्सरी आहे. अलीकडे गिऱ्हाईक शोभेचं गवत मागायला लागलं आहे. मोबाइलमध्ये परदेशातल्या एखाद्या बागेचा फोटो असतो आणि त्यात वाऱ्यावर झुकलेले रुपेरी तुरे असतात. पंपास आहे का, फाउंटन ग्रास मिळेल का, अशी विचारणा होते. मी त्यांना आधी मागच्या बांधावर नेते. तिथं पुरुषभर उंचीचं, अरुंद ताठ पात्यांचं आणि शेंड्याला किंचित वाकलेलं गवत ओळीनं उभं आहे. गणपती उठले की त्याला जांभळट-तपकिरी तुरे धरतात आणि दिवाळीच्या उन्हात ते चमकतात. "हे कुठलं हो? सुंदर आहे," असं म्हणतात. वाळा म्हटल्यावर पात चुरगाळून वास घेतात आणि माझ्याकडे बघतात, कारण पात्याला वास नसतो. सगळा वास जमिनीखाली.

या गवताला आपल्या बागेत कधी जागा का मिळाली नाही, याचा विचार मी बरीच वर्षं करते आहे. मला उत्तर सापडतं ते असं, की आपण वाळ्याला कायम खणून काढण्याची वस्तू मानलं. जी चीज उपटल्याशिवाय कामाला येत नाही, ती अंगणात कोण जपून ठेवणार?

खणणं सोपं नाही. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर खोल. पंधरा-अठरा महिन्यांचं ठोंब काढायचं तर आधी विळ्यानं पात वीतभर ठेवून कापायची, मग चहूबाजूंनी पहारीनं माती सैल करायची आणि कुदळीनं चर खोदत जायचं. ठोंब हलवून पाहिलं तर हलत नाही. शेवटी दोघांनी मिळून ओढलं की मातीच्या ढेकळासकट बाहेर येतं आणि त्या क्षणी जो वास सुटतो तो बाजारातल्या कोणत्याही जुडीला नसतो. पहिल्या पावसाच्या मातीचा वास, त्यात थोडं चंदन, थोडा कडवटपणा. मुळं पाण्यात खळखळून धुवायची. दोऱ्याएवढी बारीक, पिवळसर ते तांबूस, एकमेकांत गुंतलेली. सावलीत वाळवायची. उन्हात टाकली तर तेल उडून जातं, वासही जातो. खालची बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात. ती कुणालाच पूर्ण काढता येत नाहीत.

नदीकाठच्या रानात उगवलेला वाळा खणून गावोगाव विकणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आली. पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानांत आणि मंडईच्या बाजूला पदपथावर चैत्रात जुड्यांचे ढीग लागतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हं आणि वाळ्याचं पाणी. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचं दान करताना माठात वाळा घालायचा, जमलं तर वाळ्याचा पंखाही द्यायचा. माझी आजी धुऊन वाळवलेली जुडी लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवायची. पुढं वाचताना कळलं, की अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या घरांमध्येही कपड्यांच्या कपाटात हीच मुळं ठेवायची रीत होती. तिकडे वाळा कसा पोचला ते पुढं येईलच.

संस्कृत साहित्यात उशीर येतो तो लेप म्हणून. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात शकुंतलेच्या अंगाची काहिली शमवायला कमळाच्या पानांबरोबर उशीराचा लेप नेला जातो. वैद्यांनीही त्याला दाह कमी करणाऱ्या द्रव्यांत जागा दिली. घर गार करायला वाळा वापरल्याचं ठसठशीत वर्णन मात्र मला भेटलं ते अबुल फज्लच्या आइन-ए-अकबरीत. हिंदुस्थानात गार पाणी नाही, उन्हाळा भयंकर, द्राक्षं-खरबुजं मिळत नाहीत, असं परके लोक म्हणत. त्यावर बादशहानं काय काय उपाय केले ते तो सांगतो. पाणी सोऱ्यानं गार करायला लावलं आणि खसच्या, म्हणजे वाळ्याच्याच, मुळांनी बांबूच्या चौकटी भरून खोल्या उभारायला लावल्या. त्यांवर पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात हिवाळा उतरतो, असं तो म्हणतो. श्रेय अर्थातच अकबराला. पण बांबूच्या चौकटीत मूळ कसं बसवायचं, दोरी किती ताणायची, हे ज्या कारागिरांच्या हाताला माहीत होतं, त्यांची नावं आइनमध्ये नाहीत, आणि मला त्यांचीच आठवण अधिक होते.

अशी चौकट म्हणजे वाळ्याची ताटी, आणि ती बांधणं हे कसबाचं काम आहे. बांबूच्या कामट्यांची चौकट करायची, तिच्यात आडव्या-उभ्या कामट्यांची जाळी. धुतलेलं मूळ मूठ मूठ घेऊन सारख्या जाडीनं पसरायचं, वरून दुसरी जाळी दाबून सुतळीनं टाके घालायचे. जाड झालं तर वारा आत येत नाही, विरळ झालं तर वारा गार न होताच निघून जातो. मूळ सगळीकडे सारखं बसलं पाहिजे, कारण जिथं भोक राहील तिथूनच झळ शिरते. मग ती दारात किंवा खिडकीत वाऱ्याच्या बाजूला लावायची आणि पाणी मारत राहायचं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती त्या तापलेल्या वाऱ्यातूनच घेतली जाते, म्हणून आत आलेला वारा गार. हवा जितकी कोरडी, तितकी ताटी चांगली चालते. म्हणून ताटीचा मुलूख विदर्भ, खानदेश, मराठवाडा आणि त्याच्या उत्तरेला गंगेपर्यंत. कोकणात मे महिन्यात हवाच ओली. तिथं ताटी फारशी चालत नाही.

इंग्रजांनी ताटी जशीच्या तशी उचलली. कचेऱ्या, बंगले, छावणीतली इस्पितळं, सगळीकडे खसच्या ताट्या आल्या आणि त्यांवर दिवसभर पाणी मारायला भिस्ती. १८३०च्या दशकात त्यांनी त्याला यंत्राची जोड दिली. मोठा लाकडी पेटारा, आत हातानं फिरवायचा पंखा, बाजूंना ओला वाळा आणि तोंड खोलीच्या आत. थर्मँटिडोट असं भारदस्त नाव त्याला होतं. आजचा कूलर त्याच कल्पनेवर चालतो, फक्त भिस्त्याच्या जागी पंप आणि पंखा ओढणाऱ्याच्या जागी मोटर. रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या डब्यांच्या खिडक्यांनाही ताट्या लागल्या. नागपूर-अकोल्याकडच्या जुन्या माणसांना सरकारी कचेरीच्या दारातला तो ओला, काळपट पडदा आणि त्याचा वास अजून आठवतो. पुढं कूलरमध्ये लाकडाच्या भुश्याच्या जाळ्या आल्या, मग पुठ्ठ्याच्या मधपोळ्यासारख्या. स्वस्त, टिकाऊ आणि बिनवासाच्या. ताटी बांधणारे हात दुसऱ्या कामाला लागले. गेलेल्या गोष्टींबद्दल मी सहसा हळहळत नाही, पण वाळ्याची ताटी जायला नको होती. कूलरमध्ये ती आजही बसते, हे नागपूरकर जाणतात.

मुळाचा दुसरा प्रवास अत्तराचा. कनौजला तांब्याच्या डेगेत मूळ आणि पाणी घालून मंद आचेवर अर्क काढतात, त्याला रूह खस म्हणतात. तांब्यामुळं त्याला हिरवट रंग येतो आणि खसचं सरबत आपण हिरवंच का समजतो, याचं कारण कदाचित तिथंच असेल. खरं मूळ पाण्यात घातलं तर पाणी हिरवं होत नाही. याच तेलासाठी वाळा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर गेला, जावात गेला, कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत गेला. १९५९ साली पॅरिसच्या गेर्लाँ या अत्तरवाल्यांनी त्याच्याच नावाचं अत्तर काढलं. ते आजही विकलं जातं. हैती आज या तेलाच्या मोठ्या उत्पादकांपैकी आहे. पण तिथं डोंगरउतारावर मूळ खणून काढतात, नड असली की कोवळंच खणतात, आणि उकरलेली माती पावसाबरोबर खाली वाहून जाते. जे गवत माती धरून ठेवण्यात अव्वल, त्याच्याच पायी डोंगर धुपतात.

माती धरण्याचा हा गुण शास्त्रज्ञांच्या ध्यानात यायच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांना ठाऊक होता. म्हैसूरहून उटीला जाताना गुंडलुपेट लागतं. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी शंभराहून अधिक वर्षं शेताच्या हद्दी वाळ्यानं आखल्या. हद्दीवर एकेरी ओळ लावायची, दर नांगरटीला तिच्या कडा कापून पट्टा अरुंद ठेवायचा, पात जनावरांना. मूळ काढायचं नाही. वाहून आलेली माती त्या ओळीमागे अडते, बांध आपोआप उंचावतो आणि पाणी पात्यांमधून गाळून पुढं जातं. इथं पहिल्यांदा वाळा उपटण्यासाठी नव्हे, उभा राहण्यासाठी लावला गेला. माझ्या लेखी वाळ्याच्या इतिहासात अकबराच्या खसखान्यापेक्षा गुंडलुपेटच्या बांधांचं मोल जास्त आहे.

जॉन ग्रीनफिल्ड या मृदसंधारणाच्या जाणकारानं १९५०च्या दशकात फिजीतल्या उसाच्या उतारांवर वाळ्याच्या ओळी लावल्या होत्या. तीस वर्षांनी पाहिलं तर ओळी जागच्या जागी होत्या आणि त्यांच्यामागे मातीचे टप्पे तयार झाले होते. १९८०च्या दशकात तो आणि रिचर्ड ग्रिमशॉ जागतिक बँकेतर्फे भारतात काम करत असताना त्यांनी हाच उपाय इथं पुढं केला. १९८७ साली शेतकऱ्यांसाठी खिशात मावेल अशी चित्रांची हिरवी पुस्तिका निघाली, तिची पुढं अनेक भाषांत रूपांतरं झाली. १९९३ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं वाळ्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला. थायलंडचे राजे भूमिबोल यांनी १९९१पासून त्याचा पाठपुरावा केला आणि १९९६ साली चिआंग राईला वाळ्यावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आपल्याकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वाळ्याच्या समतल ओळींवर काम झालं.

माझे वडील त्या काळात बांधबंदिस्तीच्या कामांवर होते. ते सांगायचे, वाळा कुठं फसला असेल तर तो लावण्याच्या वेळेमुळं. फुटवे ट्रकमध्ये ताडपत्रीखाली तापत पडायचे, गावात पोचेपर्यंत वाळून जायचे, मग ऐन पावसाची उघडीप बघून लावले जायचे. शिवाय मातीचे बांध घातले तर मजुरी निघते, गवत लावलं तर फारशी निघत नाही. जिथं मृगात ओल्या गोणपाटातून फुटवे आले आणि त्याच दिवशी जमिनीत गेले, तिथली ओळ पुढं कुणाला बघायलाही लागली नाही.

कोकणात मात्र वाळ्याला मानाचं काम मिळालं. २००३च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून रुळावर आली, कारवारहून मुंबईला येणारी विशेष गाडी तिच्यावर आदळली आणि ५०हून अधिक माणसं गेली. त्यानंतर कोकण रेल्वेनं कटाईच्या उतारांवर जी सुरक्षेची कामं काढली, त्यांत जाळ्या आणि काँक्रीटच्या बरोबरीनं वाळ्याची लागवडही होती. वाळ्याच्या बारीक मुळाची ताण सोसण्याची ताकद सौम्य पोलादाच्या सुमारे एक-षष्ठांश भरते, असं मोजमाप झालेलं आहे. आडवी न पसरता उभी जाणारी हजारो मुळं उताराचा वरचा थर खालच्या थराला शिवून टाकतात. दरड ओढून आणणारं सगळं पाणी गवत थांबवू शकत नाही, हेही खरं. पण वरची सैल माती ते नक्की धरतं.

आता बागेकडे येते. वाळ्याचे ढोबळ दोन प्रकार. उत्तर भारतातला रानवट वाळा बी धरतो आणि बियांनी पसरतो. दक्षिणेतला लागवडीचा वाळा तुरे काढतो, पण त्याला रुजणारं बी जवळजवळ येत नाही. जगभर गेला तो मुख्यतः दुसरा. १९९०च्या दशकात डीएनए तपासले, तेव्हा दक्षिण आशियाबाहेरचा बहुतेक वाळा एकाच वाणाचा निघाला, सनशाइन असं नाव दिलेल्या. म्हणजे फिजी, हैती, लुइझियाना इथल्या ठोंबांतली बहुतेक एकाच मूळ ठोंबाची फाळणी आहेत. वाऱ्यानं किंवा पाखरांनी ती नेली नाहीत. कुणीतरी दरवेळी ठोंब फोडलं, फुटवा ओल्या कापडात गुंडाळला आणि जहाजात ठेवला.

बागेसाठी याहून भरवशाचं गवत नाही. ज्या फाउंटन ग्रासची गिऱ्हाईक मागणी करतं, ते हवाई बेटांवर माळरानं व्यापून बसलं आहे. पंपासनं कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये तोच उच्छाद मांडला. आपल्या डोंगरांवर पसरलेली घाणेरीदेखील एकेकाळी शोभेचं झुडूप म्हणूनच या देशात आणली गेली होती. दक्षिणेतला वाळा जिथं लावाल तिथंच राहतो. म्हणून फुटवे घेताना विचारून घ्यावं, की जुन्या ठोंबाभोवती आपोआप रोपं उगवतात का. उगवत असतील तर तो वाळा बागेत नको. मूळ तेलासाठी काढायचं असेल तर लखनौच्या सीमॅप संस्थेचे केसरी, गुलाबी, धारिणी असे वाण आहेत. नुसत्या शोभेला आणि कुंपणाला साधा दक्षिणी वाळा उत्तम.

ऊन मात्र भरपूर हवं. आंब्याखाली लावलात तर दोन वर्षांत विरळ होऊन मरेल. मृग ते आर्द्रा हा लावण्याचा काळ. जुनं ठोंब कोयत्यानं फोडायचं, मधला वाळका भाग टाकून द्यायचा आणि कडेचे जोमदार फुटवे घ्यायचे. पात वीतभर, मूळ दोन बोटं ठेवून छाटायचं. एका जागी दोन-तीन फुटवे. कुंपण हवं असेल तर टीचभर अंतरावर, एकटं ठोंब शोभेला हवं असेल तर चहूकडे तीन फूट मोकळे. पहिले दोन महिने पाणी आणि खुरपणी चुकवू नये. पुढं दुष्काळ पडला तरी त्याची चिंता नाही. मुळं सरळ खाली जात असल्यानं शेजारच्या गुलाबाच्या तोंडचं खात नाही. वर्षातून एकदा, वळवाच्या आधी, गुडघ्याच्या खाली कापून टाकायचं. निघालेली पात झाडांच्या आळ्यात आच्छादनाला घालायची. आषाढात नवे फुटवे निळसर हिरवे येतात, भाद्रपदापर्यंत ठोंब भरतं.

मूळही हवं असेल तर एक ठोंब वेगळं, पोत्यात लावावं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात वाळू, माती आणि थोडं शेणखत. दीड वर्षानं पोतं फाडायचं, पाण्याच्या फवाऱ्यानं माती धुवायची, मूळ आख्खं हाती येतं. जमिनीतल्या ठोंबाला हात लावायचा नाही.

जूनच्या पहिल्या पावसानंतर माझ्या बांधावरची ठोंबं मी फोडते. तुमच्या गावातही कुठल्यातरी बांधावर, जुन्या वाड्याच्या मागे, विहिरीच्या काठाला वाळा उभा असेल. मालकाला विचारून दोन फुटवे मागून आणा. गोणपाट ओलं करून त्यात गुंडाळा, उन्हात ठेवू नका, आणि त्याच दिवशी लावा.